सुरकुत्यांचा कौल

आमच्या मागच्या खोलीत बारा दिवस राहिलेल्या बाईंनी पहिल्या दिवशी मला सांगितलं, की त्या जिन्यावरून पडल्या. मी मान डोलावली, पण माझा विश्वास बसला नाही. जिन्यावरून पडलेल्या माणसाला दोन्ही कानांपाशी अगदी सारखंच कसं लागेल?

नागावला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीतच चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. शनिवार-रविवारी पोराबाळांचा गलका असतो, सोमवारपासून सगळं सुनंसुनं. या बाई सोमवारी आल्या, एकट्याच. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. फोनवर त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं: खोली मागच्या बाजूला आहे ना, जेवण मऊ मिळेल ना, दोन उशा जास्तीच्या मिळतील ना. समुद्र किती लांब आहे हे मात्र विचारलं नव्हतं. नागावला येऊन समुद्राची चौकशी न करणारं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं.

चौकसपणा हा माझा जन्माचा रोग आहे. लहानपणी कुणाकडे पाहुणा आला तर आई मलाच पाठवायची, कारण मी परत येताना पाहुण्याच्या गावापासून त्याच्या दुखऱ्या दाढेपर्यंत सगळं घेऊन यायचे. तिसऱ्या दिवशी तांदळाची पेज घेऊन गेले आणि विचारलंच, “मॅडम, कुठला जिना होता?”

त्या हसल्या आणि लगेच दोन्ही हातांनी गाल धरले. “ताई, हसवू नका. टाके ओढतात.”

मग त्यांनी सांगितलं. त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. घरी सांगून आल्या होत्या निसर्गोपचार शिबिराला जाते म्हणून. “रोज सकाळी आरशात मला माझी सासू भेटायची,” त्या म्हणाल्या. “जिवंतपणी तिच्याशी पटलं नाही, आता मेल्यावर रोज कशाला भेटायचं?”

त्यांनी फेसलिफ्ट करून घेतलं होतं. हा शब्द मी नट्यांच्या संदर्भात ऐकला होता, आणि मला वाटायचं की इस्त्री करावी तशी कातडी ताणून बसवत असतील. त्यांनी स्कार्फ काढला तेव्हा खिडकीच्या उजेडात मी ते नीट पाहिलं. कानाच्या पुढच्या घडीतून खाली, पाळीला वळसा घालून मागे, आणि तिथून केसांत गेलेली बारीक शिवण. मी बारा वर्षं ब्लाउज शिवले आहेत. शिवण कुठे लपवावी हे त्या डॉक्टरला चांगलंच कळत होतं.

पुढचे दिवस मी बर्फाच्या पिशव्या करून देत होते आणि रोज काय बदललं ते बघत होते. गालांवरचा जांभळा रंग हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा झाला, आणि सूज थोडी थोडी खाली उतरत मानेपर्यंत आली. एके दिवशी डावी बाजू उजवीपेक्षा जास्त सुजली तेव्हा त्या घाबरून रडल्या. मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. डॉक्टरांनी फोनवर फोटो मागवला आणि हे चालायचंच म्हणून सांगितलं. बाराव्या दिवशी त्या जायला निघाल्या तेव्हा चेहरा त्यांचाच होता, फक्त झोप पूर्ण झाल्यासारखा. मी मागितला नसताना त्यांनी मला डॉक्टरांचा नंबर दिला. म्हणजे माझ्या मनात काय चाललंय ते माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार.

काय चाललं होतं ते सांगायचं तर आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. ह्यांनी चाळीस वर्षं रेवदंड्याच्या बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. नुसत्या आवाजावरून कुठला नट ढिला आहे ते सांगायचे. दोन वर्षांपूर्वी ते वाडीत सुपारीच्या खोडांना खांदा आपटून घ्यायला लागले, बाजूला ठेवलेले पेले पाडायला लागले. मी ओरडायचे, “लक्ष कुठे असतं तुमचं?” लक्ष जागेवर होतं, नजर नव्हती. काचबिंदू निघाला. तो कडेने आत सरकत येतो, आणि समोरचं स्वच्छ दिसत असल्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, थेंब दिवसातून तीनदा चालू आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची. किती टिकेल हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

हे आंधळे होतील याची भीती मला होतीच. पण तिच्या आड आणखी एक भीती होती, ती मी कुणाला बोलले नव्हते. ह्यांची नजर गेली की माझा जो चेहरा त्यांनी शेवटचा पाहिलेला असेल तोच कायमचा राहणार. आणि तो चेहरा काय, तर पापण्या डोळ्यांवर उतरलेल्या, गाल जबड्याखाली ओघळलेले, ओठांचे कोपरे असे खाली गेलेले की मी आनंदात असले तरी लोक विचारतात, काय झालं. हे आयुष्यभर उराशी कुणाला धरणार, तर एका रुसलेल्या म्हातारीला. मला ते सहन होत नव्हतं. त्यांना देण्यासारखी ही एकच गोष्ट माझ्या हातात आहे असं मला वाटायला लागलं, आणि तीही वेळ आहे तोवरच.

दाढ दाखवायला जाते असं सांगून मी मांडव्याहून लाँच पकडली आणि मुंबईला गेले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, ह्यांच्याशी खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे वाटेत दाढ खरंच दुखायला लागली.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने माझ्या हातात आरसा दिला आणि विचारलं, “तुम्हाला स्वतःला काय खटकतं?”

“सगळंच.”

“सगळ्याचं ऑपरेशन नसतं,” ती म्हणाली. मग तिने मला तपासणीच्या पलंगावर उताणी झोपवलं आणि आरसा वर धरायला सांगितला. मी बघतच राहिले. गाल कानांकडे गेले होते, जबड्याची कड दिसत होती, मी पंचेचाळिशीची झाले होते. मग तिने मला उठवून पुढे वाकून आरसा मांडीवर धरायला सांगितला, तेव्हा त्यात ऐंशीची बाई दिसली. म्हणजे इतकी वर्षं रोज झोपल्यावर मी तरुण होत होते आणि कुणाला पत्ताच नव्हता. “पहिला चेहरा आम्ही साधारण आणू शकतो,” डॉक्टर म्हणाली. “तोही कायमचा नाही. वय थांबत नाही, थोडं मागून सुरू होतं.”

मला प्रत्येक गोष्ट कशी करतात ते जाणून घ्यायचं होतं. तिच्या बाहेरच्या खुर्च्यांवर गर्दी होती तरी तिने सांगितलं, हे मी विसरणार नाही. नुसती कातडी ताणली तर चेहरा वाऱ्यात उभा असल्यासारखा दिसतो आणि वर्षभरात पुन्हा ओघळतो. म्हणून कातडीखालचा पातळ पडदा उचलून वर शिवायचा, आणि कातडी त्याच्यावर न ताणता परत घालून जास्तीची तेवढी कापायची. नवारीची खाट सैल झाली तर चादर ओढून उपयोग नसतो, खालची नवारच ओढावी लागते, तसं हे. पापण्यांचं ऑपरेशन वेगळं. वरच्या पापणीच्या घडीतून जादा कातडी काढतात, ते लहान काम, आठवडाभरात माणूस हिंडूफिरू लागतो. भुवया उचलायचं आणखी वेगळं. मानेवरचे पट्टे घट्ट करता येतात, हनुवटीखालची चरबी काढता येते, आणि बसलेल्या गालात पोटाची चरबी भरता येते. हे ऐकून मला हसू आलं, कारण त्या मालाचा माझ्याकडे तोटा नव्हता. इंजेक्शनं आणि कातडीखाली घालून ओढायचे दोरेही असतात, पण माझ्या ओघळलेल्या जबड्याला ते पुरे पडणार नाहीत असं तिने सरळ सांगितलं.

मग धोक्यांचं. कातडीखाली रक्त साकळू शकतं. ओठ किंवा भुवई हलवणारी नस दुखावली तर चेहरा काही काळ वाकडा राहतो, क्वचित कायमचा. कानांभोवतीचा गाल काही महिने बधिर असतो.

“तंबाखू?”

“छे.”

“मशेरी?”

मी ओठ मिटून घेतले. सकाळी बोटभर मशेरी लावल्याशिवाय मला जाग येत नाही, हे तिला माझ्या दातांवरून दिसलंच असणार. ती म्हणाली, तंबाखूने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, टाक्यांपाशी कातडी काळी पडून मरू शकते. आधी दीड महिना मशेरी बंद, नंतरही बंद.

“आणि चेहरा पूर्ण बसायला किती दिवस लागतात?”

“चार आठवड्यांत लोकांत जाता येतं. पूर्ण बसायला तीन ते सहा महिने. घरात काही कार्य आहे का?”

“हो,” मी म्हणाले. खरं सांगितलं असतं तर तिथेच रडले असते.

परतीच्या लाँचवर मी सगळ्यांचे चेहरे बघत होते. हिला पापण्या पुरतील, हिची मान, या गृहस्थांना मात्र नुसती झोप हवी. गेटवेपासून मांडव्यापर्यंत मी अख्खी लाँच तरुण करून टाकली, माझं मात्र काही ठरेना. सहा महिने. ह्यांच्या नजरेतले सहा महिने खर्च करून त्यांना चांगला चेहरा द्यायचा, आणि तेवढ्यात नजरच गेली तर त्यांच्या हाती काय उरणार? सुजलेला गाल. पण नाही केलं तर हा असाच चेहरा उरणार. दीड महिना मी मशेरी सोडली, सगळ्यांवर खेकसले, आणि तरी ठरेना.

आमच्या गावात असं अडलं की देवीला कौल लावतात. विहीर कुठे खणायची, मुलगी या स्थळी द्यायची का, होडी विकायची का. गुरव देवीच्या मूर्तीला उजवी-डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी शिकलेली आहे, आणि माझा यावर विश्वास आहे. या दोन्हींचं एकमेकांशी भांडण आहे असं मला कधी वाटलं नाही.

ह्यांना सांगितलं, देवळात जाऊन येऊ, कौल लावायचा आहे. त्यांना वाटलं त्यांच्या डोळ्यांसाठी. काही न विचारता सदरा बदलून निघाले आणि देवळाच्या पायरीवर बसले. मी आत गेले. सभामंडपात दोघी बायका हार ओवत होत्या. मी गुरवाला हळूच म्हटलं, “मनात एक काम आहे. तेवढ्याचा कौल लावा.”

“मनातलं देवीला कलतं, वैनी,” तो म्हणाला. “पन कौलाला शब्द लागतो. उद्या उलटं झालं तर म्हनाल, मी दुसरंच इचारलं व्हतं.”

त्याचं बरोबर होतं. गाऱ्हाणं उघड्यावर घालायचं असतं, कारण देवी साऱ्या गावाची, तिच्याशी खाजगी बोलणी नसतात. हे मला जन्मापासून माहीत होतं. पण माझ्यापुरतं तो हळू बोलेल असं मी का धरून चालले कोण जाणे. मी त्याच्या कानात सांगितलं. त्याने विचारलं, “आन् आताच कशापायी?” मी तेही सांगितलं. त्याने छाती भरून श्वास घेतला.

“आई, ही तुझी लेक. हिच्या चेहऱ्याची कातडी सैल झाली हाय. मुंबैच्या डाक्टरनीकडून ती वर उचलून कानामागं शिवून घ्यायची म्हनते. घरधन्याची नजर जायाच्या आत करायची, म्हंजे त्याच्या ध्यानात चांगला चेहरा ऱ्हावा, असं तिचं म्हननं हाय. करायचं असंल तर उजवी दे, नसंल करायचं तर डावी दे.”

हार ओवणाऱ्या सुया थांबल्या. मागे पायरीवर काय झालं ते बघायचा मला धीर झाला नाही. मी त्या कळ्यांकडेच बघत राहिले. एरवी अर्धा अर्धा तास लागतो. त्या दिवशी उजवी कळी दोन मिनिटांत पडली.

“दिली,” गुरव म्हणाला.

पडत्या फळाची आज्ञा म्हणून मी नमस्कार केला. तरीही मी ऑपरेशन केलं नाही, आणि याचा त्या गुरवाला अजून राग आहे. समोर आला की म्हणतो, देवीनं दिलेलं नाकारलंत. त्याला कारण सांगायचं तर पुढचं सगळं सांगावं लागेल, आणि ते तो पुन्हा छाती भरून कुणाला तरी सांगेल.

बाहेर आले तर हे पायाने चपला चाचपत होते. मी कोपर पुढे केलं, त्यांनी धरलं. शाळेचं वळण गेल्यावर म्हणाले, “कुठून कापतात?”

मी सांगितलं. त्यांनी इंजिनाची विचारावी तशी सगळी चौकशी केली. आतला पडदा कशाला शिवतात, दोरा विरघळतो का, रक्त काढायला नळी ठेवतात का. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. इतके दिवस मी हे सगळं एकटीने पोटात धरून होते, आणि ज्यांच्याशी बोलायला सगळ्यात मजा आली असती ते शेजारीच बसलेले होते.

“सूज किती दिवस?”

“पूर्ण बसायला सहा महिने.”

ते थोडं चालले. “कर. देवीनं दिलंय.”

“देवीचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?”

“मला दिसतंच किती, की मी सांगू?”

मला राग आला. वाडीच्या फाटकातून आत शिरता शिरता मी त्यांच्यासमोर उभी राहिले, सवयीने अगदी जवळ, नाकाला नाक लागेल इतकी. “दिसतंय ना? मग सांगा की, हा चेहरा ठेवू का नको.”

“तुझा डावा डोला दिसतोय,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हंजे तेवढाच. तू रोज अशी जवल येतेस. चहा देतेस, वाकून इचारतेस दिसतंय का. मी म्हनतो व्हय. तेव्हा कधी डोला असतो, कधी नाक असतं, कधी नुसते दात. नलीतून बघावं तसं हाय ते. जवल धरलं की थोडकंच मावतं त्यात.”

मला वाटत होतं, नजर कमी झाली म्हणजे जवळ जावं. जवळ जाऊन दाखवलं की जास्त दिसेल. सबंध वर्षभर मी जवळ जवळ जात होते, आणि चष्म्याच्या दुकानातल्या पोराला कळलं असतं ते मला कळलं नव्हतं. “मग बोलला का नाहीत?”

“तू जवल येतेस ते बरं वाटतं.”

त्यांनी माझ्या खांद्याला हात लावून मला हलकेच मागे ढकललं. “जा. मागं मागं जा.”

मी उलटी पावलं टाकत गेले. पाचव्या पावलाला विचारलं, “इथे?” ते म्हणाले, अजून. आठव्याला, अजून. सुपारीच्या पहिल्या रांगेपाशी पाठ खोडाला लागली तेव्हा त्यांनी हात वर केला.

“थांब. आता हलू नको.”

संध्याकाळचं ऊन वाडीत तिरकं येत होतं. ते फाटकाशी उभे होते, मान किंचित कलती, बंदरात इंजिन ऐकताना असायची तशी.

“हिरवी साडी हाय,” ते मोठ्याने म्हणाले. “पदर खोचलेला. एक हात कमरेवर. केस सुटलेत एका बाजूनं. पायात माझ्याच चपला घातल्यास तू.”

मी खाली पाहिलं. खरंच त्यांच्याच होत्या.

“आणि चेहरा?” मी ओरडून विचारलं.

“हाय की.”

“सुरकुत्या दिसतात का?”

“इतक्या लांबून कुनाच्या दिसतात?”

मला रडू फुटलं. पदराने डोळे पुसायचं टाळलं, कारण हात हलवला असता तर तेवढं मात्र त्यांना दिसलं असतं. थोड्या वेळाने मी त्यांच्याकडे जायला निघाले, तर त्यांनी परत हात वर केला.

“इतक्यात नको येऊ,” ते म्हणाले. “जवल आलीस की तुटत जातेस.”

मी तिथेच उभी राहिले.